लक्ष्मणरावांच्या अंगणातलं सत्यमूळ

"माझ्या हातानं लावलेलं झाड आजपर्यंत मेलं नाई," असं लक्ष्मणराव अर्ध्या सेलूला सांगून बसले होते. उरलेल्या अर्ध्या सेलूला सांगायला निघाले, तेवढ्यात त्यांची सगळी कोनफ्लॉवरची झाडं आडवी पडली.

बी पुतण्यानं, प्रफुलनं, पुण्याहून पाठवलं होतं. ते ओल्या रेतीत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायचं होतं. भिजवलेला रवा समजून त्यांच्या बायकोनं, देवकाबाईंनी, एकदा त्यात दही ओतलं, ते निस्तरून उरलेलं बी लक्ष्मणरावांनी पेरलं. झाडं आली, जांभळ्या पाकळ्यांची, मधोमध काटेरी बोंडाची फुलंही आली. मग त्यांना वाटलं, लिंबाच्या सावलीत झाडं कोमेजतील, उन्हात हलवू. प्रफुलनं फोनवर बजावलं, काका, मूळ खोल जाते, आधी पाणी द्या, संध्याकाळी काढा, मातीच्या गोळ्यासकट. लक्ष्मणरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि ऑक्टोबरच्या भर दुपारी झाडं मुळ्यासारखी उपटली. मुळं तटातट तुटली. तुटलेल्या मुळांचा ढीग कुंपणापाशी पडला, मुळं तुटलेली झाडं नव्या वाफ्यात गेली आणि चहाच्या वेळेपर्यंत माना टाकून झोपली.

त्याच दिवशी देवकाबाईंची गळ्यातली सोन्याची एकदाणी सापडेना. झाडं पडली आणि सोनं गेलं, म्हणजे घराला काहीतरी लागलं, असा हिशेब त्यांनी केला. शेजारचा किसनराव लगेच जिव्हानंद महाराजांना घेऊन आला.

महाराज घर पाहायला आले आणि कुंपणापाशी थांबले. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला झाडाची माहिती न देता सोडणं लक्ष्मणरावांच्या स्वभावात नव्हतं. झाड अमेरिकेचं आहे, औषधी आहे, मूळ चावलं तर जिभेला झिणझिण्या येऊन ती बधिर होते, असं प्रफुल सांगतो, हे सगळं त्यांनी सांगितलं. महाराजांनी फार मन लावून ऐकलं. जाताना लक्ष्मणरावांच्या डोक्यावर हातही ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक नव्या वाफ्यात उभे होते. चोर शोधायला आलेल्या महाराजांनी लाल फडकं सोडून मुळांचे तुकडे काढले.

"बेटा, ये है सत्यमूळ. हिमालयात बर्फाखाली उगवते, बारा वर्सांतून एकदा, तेबी ज्याचं पुण्य असन त्यालेच दिसते. साच्चा आदमी चबाएगा तो समझो गाजर. झूठा चबाएगा तो जिभेवर मुंग्याच मुंग्या."

आधी स्वतः चावलं. काही झालं नाही. मग किसनराव पुढे आला. याच किसनरावानं शेजाऱ्याचा फवारणीचा पंप नेऊन, आपण पंप नावाची वस्तूच पाहिली नाही, अशी शपथ वाहिली होती. त्यानं मूळ कराकरा चावलं. त्यालाही काही झालं नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या टपरीवर दिवसभर बसणारी सगळी मंडळी एकापाठोपाठ एक साव निघाली. गावात इतके सत्यवादी आहेत, हे गावालाच माहीत नव्हतं.

मग घरातल्या सुनेला, वर्षालीला, बोलावलं. तिनं तुकडा चावला, डोळे मोठे केले आणि तोंडावर हात ठेवला.

अंगणातून एकच सुस्कारा निघाला. तिचा नवरा आदेश आपल्या चपलांकडे पाहत राहिला. देवकाबाई म्हणाल्या, "आजच्या आज माहेरी जायजो. एकदाणी सापडल्याबिगर या दारात येऊ नोको."

लक्ष्मणराव उसळून उठले. हे मूळ हिमालयाचं नाही, माझ्या कुंपणाजवळचं आहे, कोणीही चावलं तरी जीभ झिणझिणते, हे दाखवतोच, असं म्हणून त्यांनी ढिगातला मोठा तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबले. आणखी चावला. सकाळी डोळे उघडले की खर्रा आणि रात्री डोळे मिटताना खर्रा, हा त्यांचा जन्माचा नेम.

"काय होऊन राह्यलं भाऊ?" किसनरावानं प्रेमानं विचारलं.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "काईच नाई," ते म्हणाले.

महाराजांनी हात जोडले. घराचा मालक निर्मळ आहे, असं जाहीर केलं. दोघातिघांनी लक्ष्मणरावांच्या पायाला हात लावले. ते पाय मागे घेत होते आणि लोक पुढे सरकत होते.

शेवटी त्यांनी मागच्या दारी जाऊन पौर्णिमा मॅडमला फोन लावला. त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. त्या आल्या, ढिगातलं मूळ धुतलं आणि तुकडे करून सगळ्यांना वाटले.

"देवकाबाई, म्हणा, माझं नाव देवकाबाई. अन् चावा."

देवकाबाईंनी म्हटलं, चावलं आणि थोड्या वेळानं पदर तोंडाला लावला.

"मुंग्या आल्या? म्हणजे तुमचं नाव खोटं का?"

अंगणातल्या बायकांनी, पोरांनी आपापली खरी नावं सांगितली. सगळ्यांच्या जिभा झिणझिणल्या. मग मॅडमनी काही न झालेल्यांना हात वर करायला लावले आणि नंतर खिसे रिकामे करायला लावले. प्रत्येक खिशातून खर्ऱ्याची पुडी निघाली. महाराजांच्या झोळीतून दोन निघाल्या.

"या मुळातलं द्रव्य कोणाच्याबी जिभेले झोंबते," मॅडम म्हणाल्या. "खर्रा खाऊन ज्याची जीभ मेली, त्याले कळत नाई. चमत्कार एवढाच आहे. मुळाले मातीतलं पाणी समजते, माणसाचं मन नाई समजत. चोरी झाली असन तर घर धुंडा, पोलिसात जा. पण पाह्यल्या-तपासल्याबिगर कोणाले चोर नोका म्हणू."

महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली. किसनरावाच्या मोटरसायकलवर बसून ते गेले. एका म्हाताऱ्यानं बराच विचार करून विचारलं, "म्हणजे मॅडम, खर्रा खाणारे सगळे साव असतात, असंच न?" आणि उत्तराची वाट न पाहता नवीन पुडी फोडली.

वर्षाली बॅग घेऊन बाहेर आली. लक्ष्मणराव आडवे आले, म्हणाले, आता तर सगळं खुलं झालं, पोरी, आता काऊन चालली?

"मामाजी, माझी जीभ झोंबली म्हणून मी चोर झाली. आता सगळ्यायची झोंबली म्हणून साव झाली. पण घेतली का नाई, हे मले कोणीच इचारलं नाई."

आदेश काही बोलेल म्हणून ती थोडं थांबली. मग फाटक लावून बस स्टँडकडे गेली. लक्ष्मणराव मागोमाग निघाले, पण वाफ्यात लोक इतके होते, की त्यांना फाटकापर्यंत पोचताच आलं नाही.

देवकाबाईंना काय करावं ते सुचेना. त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. त्या गडबडीत साखरेच्या जागी मीठ पडलं. लोकांनी चहा प्यायला, कप ठेवले आणि आपापल्या घरी गेले. कोणाला काही कळलं नाही.