पळालेल्या पलटणीचा नियम

क्लेमेंट ओल्ड्रॉइडने वार्षिक सभेत उभं राहून नवा नियम मांडला, तेव्हा तो नेव्हिलकडे बघतसुद्धा नव्हता. बघायची गरजच नव्हती. चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये बसलेल्या दहा-बारा माणसांतल्या प्रत्येकाला हा दगड कुणाच्या अंगणात पडणार ते कळलं होतं.

"जी पलटण एकदा पळाली, ती टेबलावरून उचलायची," क्लेम म्हणाला. "तिथल्या तिथे. तिच्यामागे सेनापती धावो नाहीतर साक्षात देव धावो, ती परत यायची नाही."

ग्रिमस्वेल या इंग्लंडमधल्या खाणगावातले हे बाप्ये दर गुरुवारी संध्याकाळी पिंगपाँगच्या टेबलावर हिरवं कापड अंथरत, बोटाएवढे शिशाचे सैनिक मांडत आणि तीनशे वर्षांपूर्वीची राजा विरुद्ध पार्लमेंट ही लढाई नव्याने लढत. सैनिक शिशाचे असले तरी त्यांना भीती वाटते, ही या खेळाची सगळी गंमत. पलटणीची बरीच माणसं पडली की दोन फासे टाकायचे. सेनापती हातभर अंतरात असला तर बेरजेत एक मिळवायचा. बेरीज सातच्या खाली आली की पलटणीने कच खाल्ली; ती पाठ फिरवून टेबलाच्या कडेकडे पळत सुटते. पण आजवरच्या नियमांत थोडी दयामाया होती. सेनापतीने घोडा दौडवत तिला गाठलं आणि फासा बरा पडला, तर पळालेली पलटण थांबायची, तोंड फिरवायची आणि पुन्हा लढायची. हा नियम वीस वर्षांपूर्वी क्लेम आणि नेव्हिल या दोघांनीच बसवला होता, क्लेमच्या आईच्या स्वयंपाकघरात, मांस भरलेले पॅटिस खात आणि एकमेकांना मूर्ख म्हणत.

दोघेही खाणीतले. आदल्या वर्षीच्या संपात दोघे शेजारी शेजारी उभे राहिले होते, खाणीच्या फाटकासमोर एकाच शेकोटीवर हात शेकत. नेव्हिल अकरा महिने टिकला. जिन्याचे कठडे तोडून चुलीत घातले, टीव्ही विकला, रोज दुपारी संपवाल्यांच्या भटारखान्यात वाटीभर सूपसाठी रांग धरली. आणि संप मोडायला अवघे तीन आठवडे उरलेले असताना एका सकाळी तो खिडक्यांना जाळी लावलेल्या बसमध्ये चढला आणि कामावर गेला. तीनच आठवडे उरलेत हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं म्हणा! घरात कुणी आजारी नव्हतं, कुणाचं मूल उपाशी नव्हतं. सांगण्यासारखं एखादं कारण असतं तर गावाने चार शिव्या देऊन सोडूनही दिलं असतं. कारण एवढंच, की त्या सकाळी त्याचा धीर सुटला.

त्यानंतर गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. दारावर कुणीतरी 'संपफोड्या' असं रंगवलं. डोरीनने, त्याच्या बायकोने, ते घासून काढलं तरी अक्षरं पुसट दिसतच राहिली. पबमध्ये तो बसला की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची. खाणीतून वर आल्यावर न्हाणीघरात माणसं एकमेकांच्या पाठी चोळतात, कारण कोळशाची भुकटी आपल्या हाताने आपल्या पाठीची निघत नाही. नेव्हिल काळी पाठ घेऊन घरी यायचा. राहिला होता फक्त गुरुवार. गप्पा तिथेही कुणी मारत नव्हतं, पण समोर खेळायला बसत होतं. कोण, तर ऑब्री न्हावी. संपवाले काय, संपफोडे काय, सगळ्यांची डोकी ज्याच्या हाताखाली जायची त्याला कुणाशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं. पण हा नियम शिशाच्या पलटणींपुरता नव्हता; तो पास झाला तर ऑब्रीही उद्यापासून खिडकीबाहेर बघणार, हे नेव्हिलला स्वच्छ दिसत होतं.

"माझा विरोध आहे," तो उठून म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

क्लबचा रिवाज असा, की नियमाला विरोध झाला तर आधी त्या नियमाने एक लढाई खेळायची. मांडणारा एका बाजूला, विरोध करणारा दुसऱ्या. नियम कसा चालतो ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि मग हात वर करायचे.

"डॉनकास्टरला क्लब आहे की," डोरीन घरी म्हणाली. "तिकडे जा खेळायला."

"तिथे मला कुणी ओळखत नाही."

"म्हणूनच म्हणतेय ना!"

 नेव्हिल आपल्या घोडेस्वारांच्या टोप्यांवरची धूळ ब्रशने झटकत बसला. ओळख नसलेल्या चार माणसांनी आपल्याला बरं म्हटलं तर त्याचं काय लोणचं घालायचं? त्याला हीच माणसं हवी होती, ही कडू तोंडाची, कोत्या मनाची, त्याला जन्मापासून ओळखणारी माणसं.

पुढच्या गुरुवारी हॉल भरलेला होता. एरवी न फिरकणारे सभासदही आले होते. चहाचं मोठं भांडं उकळत होतं, आल्याची बिस्किटं बशीत होती, पण कुणाचा हात तिकडे जात नव्हता. पोस्टातला वॉल्टर कोट काढता काढता नेव्हिलच्या जवळून गेला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "नियम जरा जाचकच आहे बरं का." नेव्हिल मनातल्या मनात हात मोजू लागला. वॉल्टर म्हणजे एक हात. वॉल्टरच्या मागे त्याचा मेव्हणा, म्हणजे दोन. आणि ऑब्री, वारा येईल तिकडे वळणारा. सुरुवात तर चांगली होती.

क्लेम राजाच्या बाजूने खेळायचा. हाडाचा लाल बावट्याचा माणूस राजाची बाजू घेतो म्हणून सगळे त्याला चिडवायचे, पण त्याला कारण होतं. संपाच्या हिवाळ्यात त्याच्याकडे रंगांपैकी फक्त पांढरा उरला होता. त्या पांढऱ्यात त्याने मेणबत्तीच्या उजेडात एक अख्खी पलटण रंगवली, अंगात ओव्हरकोट, बोटांवर लोकरीचे तुकडे गुंडाळून. राजाच्या फौजेत उत्तरेकडच्या माणसांची अशी पांढऱ्या डगल्यांची एक पलटण खरोखरच होऊन गेली. सगळे पळाले तरी ती जागची हलली नाही आणि उभ्या उभ्या मेली, असं सांगतात. क्लेमचे हे पांढरे डगले आज त्याच्या फळीच्या बरोबर मध्यभागी उभे होते.

"त्याला सांग, माझी तोफ त्याच्या डाव्या पलटणीवर," क्लेम ऑब्रीला म्हणाला.

ऑब्री पंच होता. "नेव्हिल, क्लेम म्हणतोय..."

"ऐकलं मी. हातभर अंतरावर उभा आहे तो माझ्यापासून."

"त्याला सांग, फासे टाक म्हणावं."

नेव्हिलने टाकले. दोन आणि दोन. सेनापती लांब होता, मिळवायला काही नाही. पलटणीने कच खाल्ली.

"पळण्यात यांचा हात कुणी धरायचा नाही," भिंतीला टेकलेला कुणीतरी म्हणाला.

"सवयीचे दिसतात!" दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

नेव्हिलने दात-ओठ खात आपले सैनिक एकेक करून उचलले आणि खोक्यात ठेवले. जुन्या नियमाने त्याचा सेनापती त्यांना दोन डावांत माघारी आणू शकला असता. आता डावी बाजू उघडी पडली होती. त्याचा संताप झाला, आणि राग आला की नेव्हिल चांगला खेळतो हे क्लेम विसरला होता. नेव्हिलने उजवीकडचं सगळं घोडदळ एका टेकडीआडून फिरवलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि सरळ पांढऱ्या डगल्यांच्या बगलेत घुसवलं.

टेबलाभोवती माणसं पुढे सरकली. पांढरे डगले पडत गेले; निम्मे आडवे झाले. क्लेमचा सेनापती त्यांच्या पाठीशीच उभा होता. क्लेमने फासे मुठीत घेतले, एरवी फुंकर मारायचा तशी मारली नाही, आणि टाकले.

एक आणि तीन. सेनापतीचा एक. पाच.

कुणी हसलं नाही. वॉल्टर "अरे देवा" म्हणाला. पांढऱ्या डगल्यांच्या शेजारी सेनापती होता, जुना नियम असता तर पुढच्याच डावात त्याने त्यांना सावरलं असतं. वॉल्टर मेव्हण्याकडे वळून मान हलवत होता. ऑब्री डोकं खाजवत म्हणाला, "जरा कडकच होतंय हे, नाही?" आणि दोघे-तिघे "होतंय खरं" म्हणाले.

नेव्हिल जिंकला होता. लढाई नव्हे, सगळंच. त्याने फक्त मूग गिळून उभं राहायचं होतं. चहा ओतून घेतला असता, बिस्किट खाल्लं असतं, तरी चाललं असतं. पण हा गडी वर्षभर चांगुलपणा दाखवायला उपाशी होता, आणि समोर त्याचा जुना मित्र रिकाम्या मुठी घेऊन उभा होता. त्याचा ऊर भरून आला. त्याला खरोखर, मनापासून, वाईट वाटलं. आणि त्याने तोंड उघडलं.

"राहू दे, क्लेम," तो म्हणाला. "उचलू नकोस त्यांना. आपल्या जुन्या नियमाने गोळा कर. माझी काही हरकत नाही."

क्लेमने मान वर केली. गेल्या हिवाळ्यापासून पहिल्यांदाच त्याने नेव्हिलच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुझी हरकत नाही," तो म्हणाला.

"नाही. खेळच आहे शेवटी."

"तू मला माफ करतोयस? तू?" आवाज चढला नव्हता, पण कपाळावरची शीर तटतटली होती. "माझी पोरं पळाली तर मी ती तुझ्या मेहेरबानीने परत आणू?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"मग कसं होतं?"

क्लेम टेबलावर वाकला आणि पांढऱ्या डगल्यांना उचलू लागला. मूठभर उचलून एकदम टाकले नाहीत. एक उचलायचा, खोक्यातल्या कापसावर आडवा ठेवायचा, मग दुसरा. खाणीत काम करून जाड झालेल्या बोटांनी तो हे सावकाश करत होता. मदतीला कुणी हात पुढे केला नाही. दुसऱ्याच्या सैनिकांना इथे कुणी बोट लावत नाही. सगळे बघत राहिले आणि ते बघता बघता खोलीतली हवा पालटली. नेव्हिलला ते कळलं. आपण घातलेला घोळ त्याला आत्ता समजला, आणि समजल्यावर तो आणखीच खड्ड्यात उतरला.

"तीन आठवडे, क्लेम!" तो ओरडला. आता शिशाच्या सैनिकांचं नाव कुणी घेत नव्हतं. "शेवटचे तीन आठवडे! अकरा महिने मी तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, ते कुठे गेले? माझ्या घरातही जिन्याचे कठडे राहिले नाहीत! मीही सूप प्यायलोय! अकरा महिन्यांना काहीच किंमत नाही?"

"आहे की," क्लेम म्हणाला. शेवटचा पांढरा डगला त्याच्या हातात होता. "तीच तर आहे. पहिल्या महिन्यात गेला असतास तर मी तुला केव्हाच विसरलो असतो. पहिल्या महिन्यात गेलेल्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत मला. तू गेलास त्या सकाळी मी तुझ्यासाठी शेकोटीपाशी जागा धरून ठेवली होती रे. बस समोरून गेली आणि तू आत खाली मान घालून बसला होतास."

नेव्हिलने टेबलावर पडलेले फासे उचलले. 

लढाई पुढे चालली, कारण रिवाज रिवाज असतो. मध्यभाग गेलेला क्लेम किती टिकणार? त्याच्या आणखी दोन पलटणी पळाल्या आणि दोन्ही त्याने स्वतःच्या हाताने उचलल्या, ऑब्रीने सांगायच्या आधी. शेवटी टेबलावर नेव्हिलचे घोडेस्वार उरले आणि राजाचा एकटा सेनापती.

"विजय नेव्हिलचा," ऑब्री म्हणाला. टाळ्या वाजल्या नाहीत. ऑब्रीने घसा खाकरला. "आता नियम. क्लेम, अजूनही मांडायचाय तुला? तुझंच पार वाटोळं झालंय यात."

"मांडायचाय," क्लेम म्हणाला. "झालं ते बरोबर झालं."

"नियमाच्या बाजूने कोण?"

हात वर झाले. भिंतीकडचे झाले, दाराकडचे झाले. वॉल्टरच्या मेव्हण्याचा झाला. वॉल्टर आपल्या बुटांकडे बघत होता आणि बघता बघता त्याचाही हात वर गेला. ऑब्रीने सगळीकडे नजर फिरवली, हिशेब केला, आणि मग त्याने स्वतःचा हात कानापर्यंत उचलला, अगदीच वर नाही.

"विरुद्ध?"

नेव्हिलने हात वर केला.

"बरं," ऑब्री म्हणाला. "पास झाला. घे खाली आता."

नेव्हिलने हात खाली घेतला नाही.  ऑब्री काहीतरी पुटपुटला. माणसं उठली, खुर्च्या दुमडू लागली, कुणी चहाचं भांडं बंद केलं. ती त्याला वळसा घालून जात होती, त्याच्याकडे न बघता, आणि तो टेबलापाशी तसाच उभा होता. खांदा दुखायला लागला. या वेळी कितीही दुखला तरी आपण हलायचं नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं.

क्लेम सगळ्यात शेवटी निघाला. खोकं काखेत धरून, टोपी घालून तो दाराकडे चालला होता. नेव्हिलपाशी आल्यावर तो थांबला. त्याने आधी तो वर धरलेला हात पाहिला, मग नेव्हिलचा चेहरा.

"ही हिंमत तेव्हा दाखवायची होतीस, नेव्हिल," तो म्हणाला, आणि बाहेर गेला.