ओला बोरा

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा कार्तिक. ढुंढिराज जगतगंजच्या गॅरेजात जीपखाली उताणा पडून चेसिसला भोकं पाडत होता. मी त्याचा डबा घेऊन उभी होते.

"बंपर पर ही कस दो ना, भैया," जीपचे मालक बचाऊ साहनी म्हणाले. पुरात त्यांची मोठी नाव गंगेपलीकडच्या गाळात रुतली होती. ती ओढायलाच जीपला ही विंच, तारेचा दोर गुंडाळत ओढणारं यंत्र, बसवायची होती.

"बंपर उखड़ के नाव के साथ चला जाएगा, चाचा. फिर आप पीछे दौड़िएगा."

साहनी हसत गेले. ढुंढिराजनं मला एक तेलकट गोणपाट दाखवलं. "ताई, ओढताना हा बोरा भिजवून दोरावर टाकायचा. तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा उसळतो. बोरा असला की जागीच पडतो."

हा माझा धाकटा भाऊ. सोळाव्या वर्षी वेदपाठशाळा सोडून गॅरेजात गेला, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून आमचे बाबा, यज्ञेश्वरशास्त्री, त्याच्याशी बोलत नव्हते. दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सगळं माझ्यामार्फत चाले.

"प्रभावती, त्याला सांग, राखेनं हात धुऊन पानावर बस."

"ताई, त्यांना सांग, इंजिनाचं मोबिल ऑइल राखेनं जात नाही."

पूजेशिवाय साहनी नवी वस्तू चालवायला तयार नव्हते. त्यांनी बाबांनाच विचारलं आणि बाबा चक्क हो म्हणाले. ढुंढिराजनं जीप दोनदा धुतली.

जीप पुलावरून पलीकडे गेली. बाबा आणि मी पंचगंगा घाटावरून होडीनं. दोर नावेला बांधून झाला होता, त्यावर भिजवलेला बोरा. बाबांनी कुंकवाची वाटी हातात घेतली आणि थांबले.

"ढुंढी, ते घाणेरडं पोतं काढ आधी."

नऊ वर्षांनी त्याचं नाव.

"हो, बाबा." त्यानं बोरा माझ्या पायाशी टाकला.

स्वस्तिक काढलं, नारळ फुटला. बाबा दूर जाऊन उभे राहिले. "चालव. बघतो मी."

तो लगेच विंचच्या बटणाकडे गेला. बोरा माझ्या पायाशीच होता. मला आठवण होती. पण बाबा पहिल्यांदाच त्याचं काम बघत होते; म्हटलं, मध्ये कशाला बोलायचं.

नाव हातभर सरकली. ढुंढिराजनं वळून बाबांकडे पाहिलं. तेवढ्यात दोर तुटला आणि त्याच्या मानेवर बसला. तो जागीच गेला; दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. विंच जागची हलली नव्हती. त्यानं कसलेले आठही बोल्ट तसेच होते.

साहनींनी जीप विकली. नाव पुढच्या पुरात आपसूक निघाली. मी मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले.

बाबा आणखी अकरा वर्षं जगले. त्या बोऱ्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. तो मी घरी आणला होता. बाबांनी आपलं दर्भासन पाठशाळेला देऊन टाकलं आणि संध्येला त्या बोऱ्यावर बसू लागले. बसण्याआधी तांब्याभर पाणी ओतून तो भिजवत. पौषातल्या थंडीतसुद्धा.