डॉक्टर कॉल्ड

“मोठ्याने वाचा, सिस्टर. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.” अधीक्षकांनी वॉर्डाचं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

सिस्टरने चष्मा लावला. अक्षर तिचंच होतं, घाईतलं. “दोन पंधरा. बेड नऊ. ड्रेसिंग सोक्ड. डॉक्टर कॉल्ड.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मी डॉक्टरांना फोन करून बोलावलं.”

पलीकडे बसलेले सर्जन हसले. “डॉक्टर कॉल्ड म्हणजे डॉक्टरांनी फोन केला. शाळेतलं पोरही सांगेल. दोन पंधराला मीच फोन करून चौकशी केली. या म्हणाल्या, पेशंट ठीक आहे. लिहिलंय त्यांनीच, मी कुठे लिहिलं?”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. माणूस इतक्या सहज खोटं बोलू शकतो, तेही डोळ्याला डोळा भिडवून, हे तिला एकतीस वर्षांच्या नोकरीत नवीन होतं.

बेड नऊवर एक शिंपी होता. सकाळीच पोटाचं ऑपरेशन झालेलं. दुपारी त्याचा मुलगा औषधं आणायला बाहेर पडला आणि ती नाडी बघायला गेली, तर पट्टी रक्ताने भिजलेली. तिने धावत जाऊन वॉर्डातला फोन उचलला. “जेवतोय. येतो,” सर्जन म्हणाले. रजिस्टरमध्ये एक ओळ खरडून ती जखम दाबून बसली. त्यानंतर दोनदा उठून तिने फोन केला, तो कोणी उचलला नाही. सर्जन आले साडेतीनला. थिएटरच्या दारापर्यंत नेईतो शिंपी गेला.

“नंतरचे दोन फोन कुठे लिहिलेत?” अधीक्षकांनी विचारलं.

“लिहायला हात मोकळा नव्हता.”

“सोयीचं उत्तर आहे.” हॉस्पिटलच्या आतल्या फोनची नोंद कुठेच राहत नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

ती शेजारी बसलेल्या मेट्रनकडे वळली. “बाई, वॉर्डात सगळ्या असंच लिहितात. या वॉर्डात नवीन होते तेव्हा तुम्हीच शिकवलंत मला.”

मेट्रन बांगडी फिरवत राहिल्या. “मी असं काही शिकवल्याचं आठवत नाही.”

मग अधीक्षकांनी टाइप केलेला एक कागद काढला. पेशंटची अवस्था कळवण्यात माझ्याकडून हयगय झाली, असा मजकूर होता. “उद्यापर्यंत सही करून आणा. ताकीद देऊन प्रकरण मिटवू. नाहीतर मग माझा नाइलाज आहे.”

घरी तिने कागद दाखवला, तर मुलगा वैतागलाच. “करून टाक ना सही. रिटायर व्हायला आठ महिने उरलेत, आता कशाला वैर घेतेस?”

“माझ्या हातून झालं नाही ते.”

“आई, पण तुमचं वाक्य चुकलंच होतं,” सून भाजी चिरता चिरता म्हणाली. ती इंग्रजी शाळेत शिकवायची. “कॉलचे कितीतरी अर्थ होतात. हाक मारणं, फोन करणं, बोलावणं, कोणाकडे जाऊन येणं. ‘डॉक्टर वॉज कॉल्ड’ लिहिलं असतं, तर त्यांना तोंड उघडता आलं नसतं.”

“त्याचं रक्त वाहत होतं गं.”

“मी फक्त व्याकरण सांगितलं,” सून म्हणाली.



सकाळी तिने कागद परत नेऊन दिला. टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली होती आणि खाली मराठीत लिहिलं होतं: ‘मी डॉक्टरांना तीनदा बोलावले. ते सव्वा तास आले नाहीत.’ त्याखाली सही, पूर्ण नावाची.

अधीक्षकांनी ते वाचलं. “तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय.”

“असेल साहेब.”

हयगय सिद्ध झाली असं पत्र आठवड्यात आलं. तिला वॉर्डातून काढून तळमजल्यावरच्या कपड्यांच्या कोठारात बसवलं. धुऊन आलेल्या चादरींतून फाटक्या वेगळ्या करायच्या, एवढंच काम. ज्यांच्याबरोबर ती वर्षानुवर्षं डबा खात होती, त्या नर्सेस आता खिडकीवर यायच्या, “बारा चादरी द्या” म्हणायच्या आणि तिच्याकडे न बघता निघून जायच्या.

महिन्याभराने खिडकीशी शिंप्याचा मुलगा येऊन उभा राहिला. वॉर्डात शोधून शोधून इथवर आला असावा.

“मला सांगितलं की तुम्ही डॉक्टरांना कळवलंच नाही,” तो म्हणाला. “खरं काय ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“बोलावलं होतं. तीनदा.”

“मग ते का नाही आले?”

“जेवत होते.”

त्याने खिडकीचा गज धरला. “हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत आम्हाला?”

त्या दिवशी त्याच्या समोर जाऊन उभं राहायचा तिला धीर झाला नव्हता. ते तिने सांगितलंही.

“तुम्ही सगळे सारखेच,” तो म्हणाला. जायला वळला आणि थांबला. “बाबा शुद्धीवर होते का?”

“होते. तुम्ही आलात का, विचारत होते. आत्ता येतील म्हटलं. माझा हात धरून होते.”

तो निघाला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज विरेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली. मग तिने गठ्ठ्यातली पुढची चादर घेतली, उजेडाकडे धरली आणि कुठे विरली आहे का ते बघू लागली.