दोरीवरची लाल पट्टी

“नळी लावू नका,” मामंजी टँकरवाल्याला म्हणाले आणि दुधाच्या टाकीच्या नळापुढे आडवे उभे राहिले.

मी चहाचे कप घेऊन दारात. मनात म्हटलं, झालं, म्हाताऱ्याने पुन्हा कशात तरी खोट काढली. गोठ्यात शिरताना चपला बदला, दर गाईला वेगळं फडकं घ्या, हात धुतले का ते दाखवा. लग्न होऊन आले तेव्हापासून ही कटकट. डेअरीचे नियम एकवेळ परवडले, सासऱ्यांचे नकोत.

पण ते बघत होते अंगणातल्या दोरीकडे. तिथे माझ्या टॉवेलशेजारी एक लाल पट्टी वाळत होती.

आमच्याकडे गाईला इंजेक्शन दिलं की तिच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधतात. औषध अंगातून उतरेपर्यंत तिचं दूध वेगळं काढून ओतून द्यायचं. नखरेल नावाची आमची गाय आजारी पडली तेव्हा मी माहेरी होते. सकाळी तिच्या पायात पट्टी दिसली नाही, म्हणून तिचंही दूध मी टाकीत घातलं.

“शेणाने माखली होती हो,” सासूबाई पुटपुटल्या. “म्हटलं, धुऊन पुन्हा बांधू.”

सासूबाईंना स्वच्छतेचा सोसच तसा. एक दिवस गाईलाच पिळून वाळत घालतील.

टँकरवाला तसा भला माणूस. तो म्हणाला, “बाबा, एवढ्या दुधात एका गाईचं ते काय? कुणाला कळतंय?”

“ज्याला सोसत नाही, त्याला कळेल,” मामंजी म्हणाले.

मी कप खाली ठेवले. माझ्या लेकीला हेच औषध सोसत नाही. लहानपणी दवाखान्यात दिलं, तर तोंड सुजून भोपळा झालं, श्वास घेता येईना. आता ती दूरच्या गावी वसतिगृहात राहते आणि मिळेल ते दूध पिते.

मामंजींनी नळ सोडला. टाकीतलं सगळं दूध शेणखताच्या खड्ड्यात गेलं. सासूबाई डोळे पुसत उभ्या होत्या. मामंजींनी दोरीवरची पट्टी काढली, उलटसुलट करून पाहिली.

“झकास निघालीय हो, नवी वाटते,” ते सासूबाईंना म्हणाले आणि नखरेलकडे गेले. पट्टी पुन्हा तिच्या पायाला बांधली.

या खडूस माणसाबद्दल मला इतकी माया कधी वाटली नव्हती. माझी पोर जिथलं दूध पिते, तिथेही कुणीतरी असाच नळापुढे आडवा उभा राहत असणार. म्हणून तर ती धडधाकट आहे. त्याचे उपकार कसे फेडायचे? साधी ओळखसुद्धा नाही.

संध्याकाळी मीच तिला फोन लावला.

“दूध प्यायलीस?”

“हो ग आई, रोज काय तेच विचारतेस?”

मी फोन मामंजींकडे दिला. त्यांनी तो नेहमीसारखा कानापासून लांब धरला.

“कसं होतं ग दूध?”

“छान होतं, आजोबा.”

“असणारच,” ते म्हणाले. मग फोन मला देऊन धार काढायला निघाले, आणि गोठ्याच्या दाराशी थांबून साबणाने हात धुऊ लागले.

मीही त्यांच्या शेजारी जाऊन हात पुढे केले.