इडलीच्या पिठावरचा कापूर

तमिळनाडूतल्या पापनाशमच्या बस स्टँडसमोर त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबलावर चढलेला सांबशिव वैद्यर डाव्या तळहातावर पाल्या-मुळीचा हिरवागार लेप थापत होता. महिनाभर केबल टीव्हीवर त्याच्या भाजण्यावरच्या लेपाची जाहिरात चालली होती. सिंगापूरहूनसुद्धा मागणी येते म्हणे! लेपावर त्यानं कापराची वडी ठेवली, काडी ओढली. भक्कन ज्वाळा उठली. बायकांनी हात जोडले.

"बघा! माझ्या मुळीनं अग्नीला बांधून ठेवलंय! डॉक्टर कातडं कापतात, मी कातडं परत आणतो!" त्यानं ज्वाळा झटकली, लेप पुसला आणि कोरा तळहात सगळ्यांसमोर फिरवला.

गर्दीत वसुमतीबाई उभ्या होत्या. शेजारी मुलगा वरुणराव, त्याच्या खांद्यावर त्याची पाच वर्षांची लेक साईप्रिया. परवा उकळत्या रसमचं पातेलं तिच्या पायावर कलंडलं होतं. वरुणरावनं याच वैद्यरचा लेप आणून थापला. काल संध्याकाळपासून पोर तापानं फणफणली होती.

"वरुणा, पायाला वास येतोय रे. सरकारी दवाखान्यात नेऊ."

"आई, एवढं डोळ्यांनी बघूनही? रोज पूजा करणारी तू, आणि तुझाच विश्वास नाही?"

मोठ्यानं बोलायची वसुमतीबाईंना सवयच नव्हती. पण नजर त्या हिरव्या लेपावरून हलेना. तीस वर्षं दर शुक्रवारी त्या देवीपुढे धुतलेल्या विड्याच्या पानावर कापूर लावत. कापूर जळून जाई, पान हिरवंच राही. ही देवीची कृपा, असं त्या मानत. गेल्या वर्षी एकदा वाळकं पान हाती आलं आणि ते काळं पडलं. आपल्या हातून चूक झाली म्हणून त्यांनी दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

पान तेव्हा कोरडं होतं. हा लेप ओला आहे!

त्या शेजारच्या इडलीच्या गाडीवर गेल्या. "अंबा, मूठभर पीठ दे गं. घट्ट दे."

"पाट्टी, आज तर तुमचा उपास!" अंबा म्हणाली; गावात सगळे त्यांना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत.

"खायला नको."

पूजेच्या पिशवीतला कापूर काढून त्या टेबलापाशी आल्या. तळहातावर पिठाचा जाड थर, त्यावर वडी. अंबानं काडी लावली. ज्वाळा तशीच भक्कन उठली. लोक मागे सरले. थोडी झळ लागताच बाईंनी हात झटकला आणि पीठ पुसलं. हात कोरा.

"मग हे पीठपण औषधच म्हणायचं का, वैद्यर?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. वैद्यर दरडावून म्हणाला, "पाट्टी, मंत्राची थट्टा महाग पडेल!"

"मंत्र मी म्हटलाच नाही. कापूर वरच्या वर जळतो, खालचं ओलं पीठ तापायला वेळ लागतो. म्हणून तुम्हीही तो लगेच झटकून टाकलात." बाई एक पाऊल पुढे आल्या. "आणि तुमचा हात भाजलाच कुठे? जे भाजलंच नाही ते बरं काय केलंत? कोरड्या हातावर कापूर लावा. भाजू दे. मग लेप लावून बरा करून दाखवा."

वैद्यरनं हात धोतरामागे नेला. "आजची मुळी संपली."

"सिंगापूरला गेली वाटतं!" अंबा ओरडली, आणि हशा उसळला.

वरुणराव हसला नाही. त्यानं लेकीच्या पायाचा वास घेतला आणि धावत जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टर कनकलतांनी लेप धुऊन काढला. खाली पू झाला होता, पाल्याबरोबर आलेली माती जखमेत रुतली होती. "आणखी दोन दिवस थांबला असतात तर बोटं कापावी लागली असती," त्या म्हणाल्या. "पोळल्याबरोबर नळाचं गार पाणी, वर स्वच्छ फडकं, आणि थेट इथं."

पुढच्या शुक्रवारी, पायाला पट्टी बांधलेली साईप्रिया आजीची पूजा बघत होती. पानावर कापूर विझला.

"आजी, देवीनं पान जळू दिलं नाही?"

वसुमतीबाईंनी क्षणभर देवीकडे पाहिलं. "पान ओलं होतं, राणी. म्हणून नाही जळलं." मग त्यांनी हात जोडले. "देवीला नमस्कार कर. पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी ओलं काय आहे ते बघ."