रेघेपर्यंत भरलेले भांडे

मी एक जुने, कान तुटलेले प्लॅस्टिकचे भांडे आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मुलांच्या वॉर्डात लघवी मोजण्याचे काम माझ्याकडे आहे. साच्यातून निघाले तेच अंगावर रेघा घेऊन.

पूर्वी मुले मला मिरवत आणत. “मावशी, बघा, केवढी केली!”

“वा राजे! आता घरी पळा,” वॉर्डातल्या मावशी म्हणत. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही असे.

मग कोरोनाची साथ आली, आणि एक लहानगी दाखल झाली. आई तिला चिमणी म्हणे. ताप उतरला, तेव्हा आईने डोळे मिटून हात जोडले. पण चिमणीचा चेहरा सुजू लागला. माझ्या तळाशी जेमतेम चमचाभर लघवी पडे, तीही कोऱ्या चहासारखी.

“कोरोना मूत्रपिंडांनाही धरतो, ताई,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उद्यापर्यंत लघवी या रेघेला आली नाही, तर डायलिसिस. रक्त मशीनने धुवावं लागेल.”

“म्हणजे मानेत नळी?”

“हो.”

आईने त्या एवढ्याशा मानेकडे पाहिले. मग मला न्हाणीघरात नेले आणि नळाचे पाणी ओतले. अगदी रेघेपर्यंत.

सिस्टर घाईत होत्या; खाटा भरून वाहत होत्या. “झाली की गं चिमणे!” त्या हसल्या. मशीन दुसऱ्या मुलाकडे गेले. मला वाचा नव्हती.

दुसऱ्या दिवशी चिमणीला श्वास पुरेना. अंगातले पाणी छातीत साठले होते.

“अहो, लघवी तर होत होती!” डॉक्टरबाई चक्रावल्या.

आईने माझ्याकडे बोट दाखवले. “पाणी मी घातलं हो... तिला टोचू नये म्हणून.”

कोणी रागावले नाही. तेवढा वेळच नव्हता.

चिमणी वाचली. मूत्रपिंडे मात्र परत कामाला लागली नाहीत. तो एक दिवस नडला, की मूत्रपिंडे जाणारच होती, हे डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. आईने आता विचारणेही सोडले आहे.

चिमणी दिवसाआड मशीनवर येते. प्यायलेले पाणी बाहेर पडत नाही, म्हणून तिला ते मोजूनच मिळते.

“आई, एक घोट?”

“आत्ताच दिला ना, बाळा.”

“मग ओठ तरी भिजव.”

आई पाण्यात बोट बुडवते आणि तिच्या ओठांवरून फिरवते.

मित्रांनो, ताप गेला म्हणून निर्धास्त राहू नका. तोंड सुजले, लघवी कमी किंवा काळपट झाली, तर लाजू नका; लगेच मोठ्यांना सांगा. आणि मोठ्यांनो, माझा रिकामा तळ बघवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हात जोडून विनवते, मी रिकामे असेन, तर मला रिकामेच दाखवा.