दोन शेर दहा तोळे

माझे यजमान मानसिंगराव विमान करायला बसले तेव्हा मी फार वैतागले होते. घर माधवगंजातलं, दोन खोल्यांचं. एका खोलीत सासरे, आबासाहेब, त्यांच्या तलवारीसकट. दुसरीत आम्ही दोघं, चूल, देव्हारा, आणि आता हे चार फुटी धूड. चुलीपाशी जायचं तरी मला त्याच्या पंखाखालून वाकून जावं लागे. सहा वर्षं मी या घरात वाकतच होते, त्यात ही एक भर.

हे बांधकाम खात्यात नकाशे काढत. छप्पन साल होतं. मध्य भारत हे राज्य मोडून नवा मध्य प्रदेश व्हायचा होता आणि आमच्या शहरातली राजधानी गेली भोपाळला. इंदरगंजच्या त्यांच्या ऑफिसातली कपाटं दोरखंडानं बांधून बाहेर पडायला लागली. यांच्याही नावाचा हुकूम आला, एक नोव्हेंबरला भोपाळला हजर व्हा.

मला भोपाळ हवं होतं. तिथं काय आहे हे मला माहीत नव्हतं. तिथं आबासाहेब नाहीत एवढं माहीत होतं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. देवळापर्यंत जायचं तर विचारून जायचं, माहेरचं पत्र आलं तर आधी त्यांनी वाचायचं, रस्त्याकडची खिडकी उघडायची नाही. माणूस वाईट नव्हता. पण माझा त्या घरात जीव गुदमरायचा.

आबासाहेब संस्थानच्या तोफखान्यात सुभेदार होते. विलीनीकरणात त्यांची पलटण मोडली आणि ते एका सकाळी नुसते म्हातारे झाले. भोपाळचा हुकूम त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पलटण मोडली, राज्य मोडलं. घर मी मोडू देणार नाही." विषय संपला. हे बापापुढे तोंड उघडत नसत. त्याऐवजी विमान करत बसत.

मुरारच्या भंगारबाजारातून त्यांनी लष्करातला जुना बिनतारी संच आणला होता. हातातल्या डब्यावरचं बटण दाबलं की विमानाच्या शेपटीचं सुकाणू वळायचं. घरात बसल्या जागी ते वळेही. उडणं मात्र राहिलं होतं. एकदा आबासाहेब दारात उभे राहून ते बघत होते. हसले आणि म्हणाले, "हे फालतू खेळणं उडवून दाखव. मग जा खुशाल भोपाळला, मी आडवा येणार नाही." बोलताना हात तलवारीकडे होता. त्या घरात तलवारीसमोर दिलेला शब्द फिरत नाही. भाकरी माझ्या हातात तशीच राहिली. त्या दिवसापासून विमान माझंही झालं.

पहिल्या खेपेला ते उठलंच नाही. मुरारच्या मैदानावर म्हशीसारखं धावत गेलं आणि शेवटी काटेरी कुंपणात शिरलं. घरी येऊन यांनी मला समजावलं. बायकोला काही समजावून सांगण्याची ही त्यांची पहिली वेळ असावी. "देखो, पंख आहे चार चौरस फूट. एका चौरस फुटाला अर्धा शेर वजन झेपतं. म्हणजे अख्खं विमान दोन शेर पाहिजे. आपलं आहे तीन. पंखावर भार जास्ती झाला की ते फार वेगानं पळवावं लागतं, आणि एवढा जोर आपल्या इंजिनात नाही. बिलकुल नाही उठणार."

"मग पंख मोठा करा."

"हलकं लाकूड कलकत्त्याहून यायला दोन महिने लागतात."

म्हणजे एक शेर कमी करायचा. हे काम मला कळण्यासारखं होतं. मी घरातला तराजू उतरवला आणि विमानाला उपास घातला. सगळ्यात आधी निघाली ती सागाची पट्टी. विमान फार नाजूक दिसतं, मजबुती पाहिजे, म्हणून आबासाहेबांनी ती पोटाखाली ठोकली होती. त्यांना वाटे, तोफेचा गाडा आणि विमान यांत फरक तो चाकांचाच. मग जाड रंग खरवडला. मोठी बॅटरी जाऊन लहान आली. पंखावर मांजरपाट चिकटवला होता, तो सोलून टाकला आणि त्याजागी लावायला माझी लग्नातली चंदेरी साडी काढली. काठाची जर जड म्हणून कापून टाकली. कापताना डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी काटा बरोबर दोन शेरांवर स्थिरावला. दसऱ्याला दुपारी, सीमोल्लंघनाच्या वेळेला, मैदानावर उडवायचं ठरलं.

खंडेनवमीला मराठ्यांच्या घरात हत्यारं पुजतात. आबासाहेबांनी तलवारीशेजारी विमानही मांडायला सांगितलं, मला नवलच वाटलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि कितीतरी वेळ ते एकटेच तिथं बसून राहिले.

दसऱ्याला सकाळी मी देव पुसायला घेतले तर खंडोबाचा टाक नाही. आमच्या देव्हाऱ्यात कुलदैवतांचे चांदीचे टाक आहेत, दख्खनेतून घोड्यावरून आलेले. खंडोबाचा सगळ्यात जाड, तळहाताएवढा. मी पाटाखाली पाहिलं, निर्माल्यात पाहिलं. मग माझी नजर विमानाकडे गेली. हे आंघोळीला गेले होते. मी विमान उचलून तराजूत घातलं. दोन शेर दहा तोळे.

शेपटीजवळ एक छोटी झाकणी होती. ती उघडली तर आत लाल कापडात गुंडाळलेला खंडोबा, सुतळीनं घट्ट बांधलेला.

यांनी मला शंभरदा सांगितलं होतं, शेपटीत एक तोळाही नको. नाक वर करेल आणि पाठीवर आदळेल. हे सांगताना आबासाहेब पलीकडच्या खोलीत असायचे. त्यांनी देव रक्षणासाठी ठेवला की ओझ्यासाठी, ते मला आजही ठरवता येत नाही. यांना सांगावं तर हे म्हणणार, आबांनी ठेवलाय, राहू दे. मी हात जोडले, सुतळी कापली आणि टाक कमरेला खोचला. झाकणी लावली.

मैदानावर सीमोल्लंघनाला निघालेली माणसं थांबून बघत होती. इंजिन कडकडलं. विमान धावलं, तीस पावलं, चाळीस पावलं, आणि मग चाकांखाली ऊन दिसायला लागलं. कोणीतरी म्हणालं, "उड गया भई." माझी चंदेरी आकाशात गेली. यांनी बटण दाबलं तसं ते डावीकडे वळलं, मैदानाची हद्द ओलांडून पुन्हा परत आलं. मी रडत होते आणि मनात सामान बांधत होते. दोन पातेली, चार लुगडी, शिवणाचा डबा. एवढंच न्यायचं.

विमान उतरलं. हे ते उचलायला धावले. आबासाहेब माझ्याजवळ आले. मला वाटलं, शमीची पानं देतील. हात पुढे केला तो रिकामाच.

"खंडोबा दे, सूनबाई."

मी कमरेचा टाक काढून दिला.

"उडालं तेव्हाच समजलो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी शब्द दिला होता. मानसिंग जाईल. पण देव हे घर सोडणार नाहीत. आणि त्यांना रोज फूल घालणारीही नाही."

सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "आणि मी?"

"तू काय? घर आहे तुझं," ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

हे विमान काखेत घेऊन आले. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आबासाहेबांनी त्यांना ठरलेलं सांगितलं. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक शब्द बोला, एवढंच मागत होते. त्यांनी आधी बापाकडे पाहिलं, मग विमानाच्या चाकाकडे, कुठं वाकलं तर नाही.

"ठीक आहे न," ते म्हणाले. "क्वार्टर मिळेपर्यंत एकटाच जातो. सामान कमी असलेलं बरं."

आबासाहेबांनी टाक परत माझ्या हातावर ठेवला, देव्हाऱ्यात बसवायला. ते दोघं विमानाबद्दल बोलत पुढे निघाले. दहा तोळे मुठीत धरून मी त्यांच्या मागून माधवगंजाकडे चालू लागले.